इतर व्यक्तींच्या वहाणा

स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या पादत्राणांच्या किमतींत फरक का, या प्रश्नाशी साहित्याच्या अभ्यासकाचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही या प्रश्नापाशी आलो ते एका शब्दप्रयोगामुळे. अमेरिकेच्या आयातकरांचे कोष्टक हे कोणी आवडीने वाचण्याजोगे पुस्तक नव्हे. पण त्याच्या ६४व्या प्रकरणात, म्हणजे पादत्राणांच्या प्रकरणात, चामडी बुटांच्या नोंदी पाहाव्यात. आधी येतात ‘पुरुष, तरुण व मुलगे’. मग जे कोणी उरते त्याला एकच नाव आहे: ‘इतर व्यक्ती’. त्या ओळींत बाई हा शब्दच नाही. सिमोन द बोव्हारने १९४९ साली स्त्रीच्या ‘इतर’पणावर मोठा ग्रंथ लिहिला, कोष्टककाराने तेच काम दोन शब्दांत उरकले आहे, आणि बहुधा अजाणता.

या ‘इतर’पणाला दर आहे. चामडी वरच्या भागाच्या बुटांच्या एका मोठ्या वर्गात पुरुषांच्या जोडाला मूळ कर ८.५ टक्के, तर इतर व्यक्तींच्या जोडाला १० टक्के. वीस डॉलर आयातमूल्य धरले तर एकीकडे १ डॉलर ७० सेंट, दुसरीकडे २ डॉलर. तीस सेंटांचा हा फरक, आणि त्यावर घाऊक व किरकोळ विक्रेत्याचा टक्केवारीने नफा. रक्कम क्षुल्लक आहे हे आम्ही मान्य करतो. मात्र ती कशाबद्दल घेतली जाते याचे उत्तर त्या कोष्टकात कोठेही सापडत नाही.

आयातदार कंपन्यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. २०१० साली हातमोज्यांचा खटला निकाली निघाला. तेथे उलट पुरुषांच्या चामडी मोज्यांवर १४ टक्के आणि इतरांच्या मोज्यांवर १२.६ टक्के कर होता. २०१३ साली रॅक रूम शूज या कंपनीच्या खटल्यात पादत्राणांचाही प्रश्न आला. दोन्ही वेळा अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की दर वेगळे आहेत एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. कायदेमंडळाचा हेतू भेदभावाचा होता असे सूचित करणारी तथ्ये मांडायला हवीत. लेखकाच्या हेतूवरून संहितेचा अर्थ ठरवू नये, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. येथे हेतू दिसत नाही म्हणून संहिताच निर्दोष सुटली.

विक्रेत्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. स्त्रियांच्या पादत्राणांत नमुने अधिक, प्रत्येक नमुन्याचे जोड कमी, टाच व सजावट यांचा खर्च वेगळा, आणि हंगाम सरला की उरलेला माल पडून राहतो. हे सगळे खरे मानले, तरी सपाट तळाच्या, त्याच चामड्याच्या, त्याच शिलाईच्या दोन जोडांचे काय?

आपल्याकडे चित्र थोडे निराळे दिसते. आपला जीएसटी बाई-पुरुष पाहत नाही, किंमत पाहतो: २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. दुकानात तर स्त्रियांची चप्पल पुष्कळदा स्वस्तच असते. स्वस्त, पण तळ चिकटवलेला, पट्टा नाजूक, एका पावसाळ्यानंतर टाकून द्यावी अशी. पुरुषाचा शिवलेला सँडल दुप्पट किमतीचा असेल, पण चांभाराकडे जाऊन तो तीन-चार वर्षे निघतो. किंमत चिठ्ठीवर वाचायची की वर्षांच्या हिशेबाने, हा खरा प्रश्न आहे, आणि या हिशेबात आपल्याकडची बाईही ‘इतर’च ठरते.

ही नाजूकता बाईच्या पावलांतून आलेली नाही. तिने फार चालावे ही अपेक्षाच नव्हती. पायांत जोडे आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने जाणारी स्त्री एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजाला उद्धट वाटे. लोक आपल्यावर खडे फेकतात, हे आनंदीबाई जोशी यांना १८८३ साली सेरामपूरच्या भाषणात सांगावे लागले. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण तर आपण बाईलाच उद्देशून वापरीत आलो. तिच्या पायांतल्या वहाणेविषयी भाषेला फारसे काही सुचले नाही.

त्याच अमेरिकी कोष्टकातली एक नोंद आम्हाला अनपेक्षित होती. चामडी तळ, पावलावरून जाणारे चामडी पट्टे आणि अंगठ्याभोवतीचा पट्टा, असे वर्णन असलेल्या पादत्राणाला तेथे स्वतंत्र जागा आहे. वर्णन थेट आपल्या कोल्हापुरीला लागू पडावे असे. त्यावर मूळ कर शून्य, आणि त्या नोंदीत पुरुषही नाहीत व इतर व्यक्तीही नाहीत. जून २०२५मध्ये मिलानला प्राडाने कोल्हापुरीसारखे सँडल दाखवले, तेव्हा आपल्याकडे श्रेय कोणाचे यावर रान उठले, आणि ते योग्यच होते. ते सँडल पुरुषांच्या संग्रहात होते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आमच्यातल्या एकीने मध्यंतरी पुण्यातल्या एका दुकानात स्त्रियांसाठी शिवलेल्या तळाचा सँडल मागितला. ‘लेडीजमध्ये एवढं टिकाऊ कोणी मागतच नाही हो, मॅडम,’ दुकानदार अगदी सौजन्याने म्हणाले. तिने समोरच्या फळीवरून पुरुषांचा सहा नंबर काढून घेतला. त्याचा तळ आजवर दोनदा बदलून झाला आहे.