टॉर्च तापते? आधी पाणी बघा

सेलूकडच्या एका बंधूंनी विचारले आहे : "कर्ज काढून टिग वेल्डिंगचे मशीन घेतले. दुधाचे कॅन, स्टीलच्या टाक्या जोडतो. आता टॉर्च हातात धरवत नाही. नवी घेऊ का?"

थांबा भाऊ, एवढ्यात पैसे घालू नका. खोट बहुधा कूलरमध्ये असेल. मशीनचा प्लग काढून टाकीचे झाकण उघडा. बोअरचे पाणी भरले असेल तर तिथेच चुकले. डाळ शिजू न देणारे ते जड पाणी! भगुण्याच्या तळाला बसतो तोच पांढरा क्षार टॉर्चच्या बारीक वाटेत बसतो. क्षाराच्या पाण्यातून वीजही झिरपते, मग आर्क पेटायला कुरकुरतो. सगळे पाणी काढा, टाकी-गाळणी धुवा आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर किंवा कंपनीने सांगितलेले कूलंट भरा.

आता वेल्डिंग न करता नुसता कूलर चालवा आणि परतीची नळी बादलीत धरा. मिनिटाला लिटरभर तरी पाणी पडावे. धार बारीक असेल तर नळी कुठे पिळली आहे का, गाळणी बुजली आहे का पाहा, नाहीतर पंप. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत फुपाटा व तंतू अडकतात. तेही ब्रशने काढा.

पाणी कमी झाले की मशीन बंद पाडणारा फ्लो स्विच असतो. तो काढून तारा थेट जोडू नका. परतीच्या नळीतच करंटची तांब्याची तार असते. पाणी थांबले की ती नळीसकट जळते.