दोन मीटरचा पट आणि लोकरीचा धागा

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी एका मित्राने मला सर्वांसमक्ष विचारलं, "काय हो, निवृत्तीनंतर हे गोल्फचे श्रीमंती चोचले कशाला?" तोंडात चकली असल्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आज इथे देतो. या पानावर आरोग्य आणि पैसा हे दोन्ही विषय येतात आणि माझ्या हकिकतीतही दोन्ही आहेत.

सहा वर्षांपूर्वी हृदयाने इशारा दिला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण आखनच्या पावसात नुसतं चालायला फार मोठा निग्रह लागतो, आणि तो माझ्यापाशी नाही. आपल्यापैकी अनेकांची मुलं मेलाटनच्या विद्यापीठ परिसरात शिकली. त्याच बाजूला झेफेंटला १९२७ सालापासून गोल्फ क्लब आहे. तिकडून जाताना हिरवळीवर चालणारी माझ्या वयाची माणसं पाहिली आणि मनाने घेतलं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी मैदानावर उतरण्याआधी 'प्लाट्सरायफे' मिळवावी लागते, तीही मिळवली. १८ होल खेळले की सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं आणि ते जाणवतही नाही.

घोडं अडलं ते पटिंगमध्ये. दोनशे मीटरचा फटका आणि दोन मीटरचा पट, दोन्हींची किंमत एकच : एक फटका! २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला, आणि बंगळूरची अदिती अशोक अवघ्या एका फटक्याने पदक हुकून चौथी आली, हे आपण टीव्हीवर पाहिलंच. माझे तर दोन मीटरचे पट सरसकट उजवीकडून जात. मग सुरू झाली खरेदी : आधी नवा पटर, मग खुणांचा आरसा, मग लाल किरण टाकणारं एक यंत्र. सगळं मिळून एका माणसाचं भारताचं तिकीट निघालं असतं. पट मात्र उजवीकडेच! शेवटी मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षीची वर्गणी भरणार नाही." सौ. शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे चालणंही बंद?"

त्या एका प्रश्नाने डोकं ठिकाणावर आलं. आयुष्यभर कारखान्यात मोजमापं केली. मग इथेच न मोजता औषध का घेत होतो? भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. दोन मीटरवर एका अंशाची चूक चेंडूला ३५ मिलिमीटर बाजूला नेते, दोन अंशांची चूक ७० मिलिमीटर. म्हणजे दीड अंशापलीकडे गेलात की पट गेलाच. इतका फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

मी दिवाणखान्यात पटर धरून उभा राहिलो. सौ.नी एक जाड पुस्तक पटरच्या तोंडाला चपखल टेकवलं आणि त्याच्या लांब कडेच्या रेषेत दोरा ताणला. दोरा भोकाच्या खुणेपासून सात सेंटिमीटर उजवीकडे! हात ठीक होता, नेमच वाकडा होता. पाच मिनिटांत, फुकटात निदान झालं.

पुढचा इलाजही घरातलाच. विणकामाच्या दोन सुयांना लोकरीचा धागा बांधून चेंडूच्या जरा वर, सरळ रेषेत ताणायचा. डोळे धाग्याच्या बरोबर वर हवेत आणि पटरचं तोंड धाग्याला काटकोनात. दुसरा सराव फाटकाचा : चेंडूपुढे अर्ध्या मीटरवर दोन पेन्सिली पाच सेंटिमीटर अंतराने उभ्या करायच्या. चेंडू सुमारे ४३ मिलिमीटरचा असल्यामुळे, तो न अडखळता पार झाला तर नेम अर्ध्या अंशाच्या आत आहे असं समजावं. रोज दहा मिनिटं पुरे, आणि मधूनमधून पाठ सरळ करावी. वाकून अर्धा तास उभं राहिलात तर पट सुधारेल, कंबर जाईल!

आणखी एक गोष्ट आपल्या वयाच्या मंडळींसाठी. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून पायापाशी पाहिलं की चेंडू धूसर होतो आणि रेषा वाकडी भासू शकते. ऑप्टिकरला आपण गोल्फ खेळतो हे जरूर सांगावं.

माझा विरोध साधनांना नाही, निदानाआधी केलेल्या खरेदीला आहे. कोणतंही साधन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, आणि तो प्रश्न आपला आहे की नाही हे आधी पाहावं. हात थरथरत असेल तर धागा काही करणार नाही. जर्मनीच्या बेर्नहार्ड लांगरने हातांच्या अशाच अडचणीशी वर्षानुवर्षं झुंज दिली, पकड पुन्हा पुन्हा बदलली आणि तरीही १९८५ आणि १९९३ साली मास्टर्स जिंकली. शिवाय सामन्यात दिशेसाठी जमिनीवर काठी किंवा दुसरी वस्तू ठेवता येत नाही, दंड बसतो. चेंडूवर रेघ मारलेली मात्र चालते. म्हणून धागा सरावापुरता. शेवटचे दहा पट त्याच्याविना मारावेत, म्हणजे सवय डोळ्यांना लागेल, धाग्याला नाही.

वर्गणी मी भरली. यंत्र विकलं, आरसा सौ.नी कपाटाला लावला. आजही पट चुकतात, पण आता दोन्ही बाजूंनी चुकतात, ही प्रगतीच म्हणायची! आणि आठवड्यातून दोनदा सात-आठ किलोमीटर चालणं चालू आहे.

तेव्हा मित्रा, हे माझं उत्तर. खेळ परवडत नसेल तर खेळू नये, त्यात कमीपणा नाही. रानात फिरायला पैसे पडत नाहीत. पण घेतलेला खेळ दोन मीटरच्या पटापायी सोडण्याआधी घरातलं लोकरीचं गुंडाळं एकदा शोधावं. धागा आमच्याकडे भरपूर आहे. कधीही या, चहाही मिळेल.