चित्रे पाहावयाची तर चिताऱ्याच्या घरी

चित्र काचेआड लागले म्हणजे ती 'कला' ठरते आणि तेच चित्र काढणारा मनुष्य दारात उभा राहिला म्हणजे तो 'मागता' ठरतो, अशी आमच्या समाजात रीत पडली आहे. एका मोठ्या शहरातील संग्रहालयात चित्रकथीची जुनी पाने आम्ही पाहिली होती. खालच्या पाटीवर ती देणाऱ्या गृहस्थांचे नाव होते, काढणाराचे नव्हते. शास्त्रीबुवाची पोथी असती तर लेखकाचे नाव असे गाळले असते काय?

म्हणून गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल जलक्रीडेच्या उद्यानाऐवजी आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीस नेली. काही पालकांनी नाके मुरडली. असो.

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गाव. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हे खेळ तेथील ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. सावंतवाडी संस्थानचा त्यांस आश्रय होता. तो गेला, पुढे सिनेमा आला, दूरदर्शन आले, आणि देवळातले प्रेक्षक उठून गेले. अशा काळात परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडले. २०२१ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. ज्या घरी आम्ही गेलो ते हेच.

येथे पाटी वाचून पुढे सरकावयाचे नसते. चित्रांचा एक जुडगा म्हणजे एक पोथी. तीत रामायण-महाभारतातील एक आख्यान. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवितात, म्हणजे पान उलटताच कथा पुढे जाते. सांगणारा एकेक पान उभे धरून गातो, साथीला वीणा, टाळ व हुडुक. छायाबाहुलीच्या चामड्याला बारीक भोके पाडलेली असतात. आमची पोरे पडद्यापुढे बसली होती तोवर त्यांस रावणाचे दागिने चमकताना दिसले. पडद्यामागे गेली तेव्हा कळले की तो दिव्याचा उजेड भोकांतून येतो. प्रकाशाचा पाठ आम्ही वर्गात दोन तास शिकविला होता, तो येथे दोन मिनिटांत उमगला. "गुरुजी, तुम्हीही धरा की दोऱ्या," असे घरच्यांनी म्हटले. आमच्या हाती बाहुली येताच ती तोंडघशी पडली आणि पोरांना मोठा आनंद झाला!

आता मुद्द्याचे बोलतो. शहरातून येणारे सुशिक्षित लोक कळवळून म्हणतात, ही कला जिवंत ठेवली पाहिजे. ठेवावी कोणी? ठाकराच्या पोराने. आपला मुलगा मात्र इंजिनियर व्हावा! बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणारी जुनी व्यवस्था 'वारसा' या गोंडस नावाने पुन्हा आत घेणार असाल तर आमचा तिला विरोध आहे. शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते जातीने नेमून दिलेल्या कामापलीकडची वाट सर्वांस मोकळी व्हावी म्हणून. ठाकराच्या मुलास चित्रकथी सोडण्याची पूर्ण मुभा हवी. ती धरली तर पोट भरेल एवढा मोबदलाही हवा. या घरची पुढची पिढी शिकलेली आहे आणि तीच हे संग्रहालय चालविते. शाळा आणि दोऱ्या एका हातात राहू शकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

मोबदल्याचेही सांगून टाकतो. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट मोजणारे आम्ही लोक कारागिराच्या ओटीवर बसलो की घासाघीस करतो. चार दिवस खपून काढलेल्या चित्रावर शंभर रुपये कमी करून घेणे यास आमच्याकडे व्यवहारचातुर्य म्हणतात. शिक्षक बंधूंनी निदान मुलांदेखत तरी हे करू नये.

परतीच्या गाडीत बुरुडाच्या एका मुलीने आपली आजी सुपे-दुरड्या कशी विणते ते सगळ्यांस सांगितले. तीन वर्षांत हा विषय तिने कधी काढला नव्हता. पुढच्या शनिवारी आजीबाई शाळेत येणार आहेत. कांबट्यांचे पैसे व दिवसाची मजुरी त्यांस द्यावयाची आहे, आणि त्यासाठी शाळा समितीत मंजुरी मागितली आहे.