व्यासपीठ, मान आणि मोठा पडदा

‘व्यासपीठ’ म्हटले की आज ध्वनिक्षेपक, हारतुरे आणि खुर्च्यांची रांग डोळ्यांसमोर येते. परंतु या शब्दाला एक जुना, घरगुती अर्थही आहे : पुराणिकाच्या पुढ्यात उघडणारी, दोन फळ्या एकमेकींत गुंतवून केलेली, पोथी ठेवायची घडीची लाकडी बैठक. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याच गावी २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. या दोन घटनांमधल्या सात शतकांत मराठी अक्षर पोथीच्या सुट्या पानांवरून बांधीव पुस्तकात आणि पुस्तकातून काचेच्या पडद्यावर आले. वाचणाऱ्याची मान मात्र तीच राहिली. पोथीच्या काळी त्या मानेची चिंता एका सुताराने वाहिली होती. मजकूर जमिनीवरून उचलून, किंचित कलता करून, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेजवळ आणणे एवढेच त्या व्यासपीठाचे काम, आणि ते त्याने चोख केले.

संगणकाच्या मोठ्या मॉनिटरला टेबलाच्या कडेवरून अधांतरी तोलून धरणारा जो लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हात हल्ली बाजारात मिळतो, त्याला आम्ही या व्यासपीठाचाच वंशज मानतो. दुकानदार त्याला ‘मॉनिटर आर्म’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. साहित्यचर्चेच्या पानावर या दांड्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की आज मराठीतले बहुतेक लेखन, संपादन, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन या पडद्यापुढे बसूनच होते. अमरावती-अकोल्याच्या छापखान्यांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आठ-आठ तास पान लावणारी माणसे मराठी वाङ्मयाची भारवाहक आहेत. त्यांच्या मानेचा प्रश्न हा वाङ्मयाच्या बाहेरचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही.

जुना काचेच्या नळीचा सतरा इंची मॉनिटर पंधरा किलोंच्या घरात जाई. तो एकदा टेबलावर बसला की बसला. त्याला हलविण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. चपटे पडदे आले, स्वस्त झाले, सत्तावीस-बत्तीस इंचांपर्यंत वाढले, आणि दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. या पडद्यांचा मूळ पाय टेबलाची जागा अडवतो, आणि पुष्कळदा त्याची उंची बसणाऱ्याला जुळत नाही. मग पडद्याखाली जुने दिवाळी अंक नाहीतर शासकीय गॅझेटियरचा एखादा बांधीव खंड सरकवला जातो. ज्ञानाचा असा पाया आम्ही अनेक कचेऱ्यांत पाहिला आहे. आर्म हा त्यावरचा उपाय आहे. पण तो ज्या रीतीने निवडला जातो, त्या रीतीशी आमचे भांडण आहे.

पहिले भांडण इंचांशी. “बत्तीस इंचाला बसते न भाऊ, काहून नाही बसत!” असे दुकानात सांगितले जाते. डब्यावरही ‘सतरा ते बत्तीस इंच’ असेच ठळक छापलेले असते. वऱ्हाडातल्या माणसाने तरी याला फसू नये. कापसाच्या बाजारात धाग्याची लांबी जरूर पाहतात, पण पैसे मोजले जातात ते काट्यावरच्या वजनाचे. मॉनिटरचेही तसेच आहे. एक बत्तीस इंची पडदा पाच किलोंचा असतो, दुसरा आठ किलोंचा. आणि एकोणपन्नास इंची वक्र पडदा बारा किलोंपुढेही जाऊ शकतो. आर्मला इंच कळत नाहीत. म्हणून मॉनिटरच्या माहितीपत्रकात मूळ पायाशिवायचे वजन शोधावे. ते सापडले नाही तर वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग पाय काढलेला मॉनिटर हातात घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. ते वजन आर्मच्या कमाल क्षमतेच्या खाली आणि किमान क्षमतेच्या वर असावे. दुसरी अट बहुतेक जण विसरतात. आर्ममधील स्प्रिंगला ठरावीक ओझे अपेक्षित असते. ते मिळाले नाही तर पडदा आपोआप वर सरकत राहतो. मागच्या बाजूची चार भोकेही मोजून घ्यावीत. ती बहुधा १०० मिलिमीटर अंतराच्या चौकोनात असतात, लहान पडद्यांत ७५ आणि काही मोठ्यांत २०० मिलिमीटरच्या. काही मॉनिटरांना ती नसतातच.

वजनाइतकेच ते वजन किती दूर आहे, हेही महत्त्वाचे. हे सांगायला अमरावतीइतके योग्य गाव नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. मुद्गल फिरविलेल्या कोणालाही ठाऊक असते की छातीशी धरलेला मुद्गल आणि हात लांब करून धरलेला तोच मुद्गल यांत किती अंतर आहे. वजन तेच, पण खांद्याला कळ लागते ती दुसऱ्या वेळी. वक्र किंवा जाड पडद्याचा भार आर्मच्या पुढच्या पट्टीपासून दूर पडतो. अशा वेळी डब्यावरचे किलो पाळूनही पुढचा सांधा हळूहळू सैलावतो आणि पडदा स्वतःच मान टाकतो. म्हणून मोठ्या पडद्यासाठी वजनाच्या काठावरचा आर्म घेऊ नये, चांगली तीसेक टक्के सवड ठेवावी. आणि कलता सांधा पान्याने आवळता येतो की नाही, हे दुकानातच पाहावे.

आता उंची. सार्वत्रिक समजूत अशी की आर्म पडदा वर उचलण्यासाठी असतो. मोठ्या पडद्याच्या बाबतीत हिशेब उलटा निघतो. आपल्याकडचे टेबल साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर उंच. मध्यम बांध्याचा माणूस खुर्चीत ताठ बसला की त्याचे डोळे टेबलापासून चाळीस सेंटिमीटरच्या आसपास वर असतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, हा सर्वमान्य नियम. आणि रुंद आकाराच्या बत्तीस इंची पडद्याची दृश्य उंचीच मुळी चाळीस सेंटिमीटर! म्हणजे नियम पाळायचा तर पडद्याची खालची कड टेबलाला जवळजवळ टेकली पाहिजे. तेव्हा आर्म किती वर जातो, यापेक्षा तो किती खाली येतो, हा प्रश्न आधी विचारावा. ज्यांना दुहेरी भिंगांचा चष्मा आहे, त्यांनी तर तो अधिकच आग्रहाने विचारावा. पडदा उंच असला की खालच्या भिंगातून पाहण्यासाठी त्यांची हनुवटी दिवसभर आकाशाकडे राहते. चाळिशी ओलांडलेल्या किती मुद्रितशोधकांची मान केवळ या एका कारणाने दुखत असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

टेबलाचा विचार तर कोणीच करीत नाही. आर्मचा सारा भार टेबलाच्या मागच्या कडेवर, तळहाताएवढ्या शिकंज्यावर येतो. सागवानी फळी तो सहज सोसते. भुशाच्या दाबीव फळीचे टेबल काही महिन्यांत दबते आणि त्याचा पापुद्रा उचकटतो. जुन्या सरकारी लोखंडी टेबलाचा पत्रा वाकतो. काचेच्या टेबलावर आर्म लावूच नये. काही टेबलांना मागे आडवी पट्टी असते, तेथे शिकंजा शिरतच नाही. दाबीव फळी असेल तर वर-खाली लोखंडी पट्टी किंवा जाड लाकडी फळी देऊन दाब पसरवावा. शेजारचा सुतार हे काम तासाभरात करून देतो. टेबल भिंतीला टेकलेले असेल तर आर्मचे कोपर मागे वळायला जागा मिळत नाही, आणि साठ सेंटिमीटर रुंदीच्या टेबलावर पडदा दूर जाण्याऐवजी नाकासमोर येतो. बत्तीस इंची पडदा हातभर अंतराच्या आत आला की वाचताना डोळ्यांऐवजी मान फिरू लागते. यावर कोणी म्हणेल, मग भिंतीतच ठोका. पण आमच्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव पावसात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात आकसण्याचा. तिच्यावर उभ्या असलेल्या कित्येक भिंतींना तडे असतात. जुन्या वाड्यांच्या भिंती तर मातीच्याच. त्यांच्या भरवशावर आठ किलो टांगण्यापेक्षा बळकट टेबल बरे.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि आर्मचे डबे ही गोष्ट जाणत नाहीत. पुष्कळशा आर्ममध्ये दाबलेल्या वायूची नळी असते. वायू तापला की त्याचा दाब वाढतो, हे शाळेतले पदार्थविज्ञान. डिसेंबरातल्या पंधरा अंशांच्या सकाळी बरोबर तोललेला आर्म मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी हिशेबाने सुमारे दहा टक्के अधिक जोर लावतो. म्हणजे सहा किलोंच्या पडद्यामागे सहाशे ग्रॅमचा जोर वाढतो. सांध्यांतल्या घर्षणाने त्यातला काही जिरतो, उरलेल्याने पडदा वर सरकू पाहतो. म्हणून वायूच्या आर्मचा ताण पान्याने कमी-जास्त करता येतो ना, हे पाहावे आणि वर्षातून दोनदा तो साधावा. साध्या पोलादी स्प्रिंगचा आर्म ऋतूंना इतकी दाद देत नाही. खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात मोठा पडदा ठेवला तर तो थरथरतो, हेही येथे सांगितले पाहिजे. आणि एक सावधगिरीची सूचना : मॉनिटर उतरविताना आर्म आधी पूर्ण वर नेऊन ठेवावा, नाहीतर ओझे सुटताच तो उसळून तोंडावर येतो.

इतके सारे पाहण्यापेक्षा लाकडी पाट बरा, असा आक्षेप येईल. आम्हांला तो अर्धा मान्य आहे. एकच माणूस, एकच खुर्ची, एकच काम आणि आटोपशीर पडदा असेल तर बेताच्या उंचीचा पाट स्वस्त आणि टिकाऊ आहे. तेथे आर्म ही हौस. पण पाट पडद्याला वर नेतो, खाली आणू शकत नाही. आणि तो दोन माणसांना ओळखत नाही. जेथे सकाळी एक ठेंगणी मुलगी आणि रात्री एक उंच गृहस्थ त्याच संगणकावर पान लावतात, किंवा पडद्याखाली हस्तलिखित पसरून वाचावे लागते, तेथे आर्मची खरी गरज आहे. एका हाताने ढकलला की हलणारा आणि सोडला की तेथेच राहणारा, एवढीच त्याची परीक्षा.

आणि नेमक्या याच ठिकाणी तो बहुधा पोहोचत नाही. मोठा पडदा आणि देखणा आर्म साहेबांच्या दालनात दिसतो, जेथे दिवसाला चार सह्या होतात. आठ तास बसणाऱ्याच्या वाट्याला दिवाळी अंकांचा ढीग येतो. खरेदी झालीच तर निविदेत इंच लिहिलेले असतात, सर्वांत कमी दर मंजूर होतो, आणि आलेला आर्म त्या टेबलाला बसतो की नाही हे बसणाऱ्याला कोणी विचारीत नाही. खरेदी एकाची आणि मान दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. आमची मागणी लहान आहे. संस्थांनी मागणीपत्रात इंचांऐवजी पायाशिवायचे वजन, भोकांचे अंतर, टेबलाची जाडी आणि आर्मची किमान उंची लिहावी. आणि जो त्या पडद्यापुढे बसणार आहे त्याला तो आर्म आठवडाभर वापरून ‘नको’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. यासाठी नवे अनुदान लागत नाही, एक मोजपट्टी आणि एक प्रश्न पुरतो.

पुराणिकाला त्याचे व्यासपीठ कोणी निविदेने दिले नव्हते. बसणारा कोण, त्याची बैठक किती उंच, पोथी केवढी, हे पाहून सुतार फळीला हात घाली. मराठी मजकूर ज्यांच्या डोळ्यांखालून जातो, त्यांना आपण अजून तेवढेही देत नाही.