एका भांड्याला चार माणसं

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांना कुणी ‘राजेशाही अभिरुची’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. १७१७ साली सॅक्सनीच्या ऑगस्टसने प्रशियाच्या राजाकडून चीनमधून आलेली १५१ भांडी घेतली आणि बदल्यात आपले ६०० ड्रॅगून, म्हणजे घोडेस्वार शिपाई, देऊन टाकले. हिशेब करा, एका भांड्याला चार माणसं! त्यातल्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांना अजूनही ‘ड्रॅगून बरण्या’ म्हणतात.

‘त्या काळी तसंच चालायचं’ हे उत्तर मला मान्य नाही. चालवणारे राजे होते. शिपायांना कुणी विचारलं होतं? नक्षीचं कौतुक जरूर करा, मंडळी. पण बरणी वैभवाचं प्रतीक म्हणता ना, मग ते वैभव कुणाच्या जिवावर, तेही सांगा.