मायना गेला, हसरा चेहरा आला

बडोद्यात लहरीपुरा दरवाजाजवळ न्यायमंदिराची इमारत आहे. अर्जात काय लिहिलं आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, यावर तिथे वर्षानुवर्षं वकिलांनी कीस पाडला. आता कोर्ट नव्या संकुलात गेलं आहे आणि कीस पाडायला शब्दांच्या जोडीला चित्रंही आली आहेत.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलंच बघा. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला. उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं. ‘करार मिळाला, एवढंच मला सांगायचं होतं,’ असा शेतकऱ्याचा बचाव होता. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा म्हणजे सहीच धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये उलटा कौल दिला. अधिकाऱ्याच्या हत्येच्या निरोपाखाली व्हॉट्सॲपवर अंगठा टाकल्यामुळे रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाची नोकरी गेली होती. तो अंगठा आनंदाचा नव्हे, ‘वाचलं’ अशा अर्थाचा, असं म्हणत कोर्टाने त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश कायम ठेवला.

अंगठा एकच, तिकडे सही, इकडे पोच.

ईमेलमध्ये चित्र धड पोचेल याचीही खात्री नसते. आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये :-) टाइप केलं की त्याचा विंगडिंग्ज फाँटमधला हसरा चेहरा व्हायचा. ज्याच्याकडे तो फाँट दिसत नसे, त्याला वाक्याच्या शेवटी नुसतंच इंग्रजी ‘जे’ अक्षर दिसे. हा ‘जे’ कोण, याचा अनेकांनी विचार केला असेल.

तरी हसऱ्या चेहऱ्याची गरज खोटी नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी :-) सुचवलं, ते थट्टा थट्टाच वाटावी म्हणून. मराठी पत्रात सूर सांभाळायचं काम मायना करायचा. वडिलांना ‘तीर्थरूप’, परक्याला ‘सा. न. वि. वि.’, शेवटी ‘लोभ असावा’. ईमेलने हे सगळं काढून टाकलं. मग ‘फाइल आजच पाठवा’ हे दरडावल्यासारखं वाटतं आणि मागे एक हसू जोडावं लागतं.

पण मायना मजकुराच्या बाहेर राहायचा. चित्र मजकुराचीच जागा घेतं. शिवाय अनोळखी माणसाच्या कामाच्या ईमेलमध्ये हसरा चेहरा असला, तर लिहिणारा अधिक आपुलकीचा वाटत नाही, उलट कामाला कच्चा वाटतो, असं २९ देशांतल्या ५४९ जणांवर केलेल्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं.

म्हणून बडोद्यात लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंतच्या कापड दुकानदारांनी ऑर्डर घेताना भाव, नग आणि तारीख शब्दांत लिहून घ्यावी. ‘मिळालं’ आणि ‘मंजूर’ ही दोन उत्तरं वेगवेगळी मागावीत. ती आली की खाली हवे तितके हसरे चेहरे टाकावेत.