प्रोसेसरच्या आधी बोर्ड

लग्नसराईत भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीतल्या फोटो स्टुडिओंचे संगणक रात्रंदिवस चालतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पारा पस्तिशी ओलांडतो, तासन्‌तास चालणारे रेंडर लागतात आणि नेमक्या याच दिवसांत तक्रार येते, ‘मशीन सुरुवातीला पळतं, मग अडखळतं.’ त्यावर बहुधा रॅम वाढवली जाते, नाहीतर प्रोसेसरवरची पेस्ट बदलली जाते. मदरबोर्डाचा जो कोपरा खरोखर तापलेला असतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

तो कोपरा प्रोसेसरच्या सॉकेटला लागूनच असतो. राखाडी चौकोनी चोकांची रांग, शेजारी काळे चपटे मॉसफेट आणि दंडगोल कपॅसिटर. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट पुरवतो, प्रोसेसरला मात्र एक-सव्वा व्होल्टच लागतो; हे उतरवण्याचं काम व्हीआरएम करतो. व्होल्ट एवढे उतरवले की तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर चढतात. इंटेलचा कोअर आय५-१२४०० खोक्यावर ६५ वॅटचा दिसतो, पण टर्बोत तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय७-१४७००के तर २५३ वॅटपर्यंत जातो. सव्वा व्होल्टला २५३ वॅट म्हणजे २०० अँपिअर, आणि तेही हाताच्या पंज्यात मावेल एवढ्या जागेतून!

वेदगंगेवरच्या उपसा योजनेत एकाच मोटारीला जुंपण्यापेक्षा चार मोटारी पाळीपाळीने चालवल्या तर प्रत्येकीला उसंत मिळते. व्हीआरएममध्ये प्रवाहाच्या अशा वाटांना फेज म्हणतात आणि त्यांचं काम असंच चालतं. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की वाहकातली उष्णता चौपट होते. त्यामुळे १०० अँपिअर एकाच वाटेने नेण्याऐवजी चार सारख्या वाटांत विभागले, तर ही उष्णता एकूण पाव होते. तरीही काही वीज वाया जातेच. नव्वद टक्के कार्यक्षमतेचा व्हीआरएम २०० वॅट पुरवताना २२ वॅट उष्णता बोर्डावरच सोडतो. हिटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर ती उष्णता तांब्याच्या थरांतून पसरत राहते. मर्यादा ओलांडली की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग पाडतो.

बोर्ड विकताना दुकानात फेजचा आकडा पुढे केला जातो. तेवढ्यावर विसंबू नये. खोक्यावरचे बारा फेज कधी खरे सहाच असतात, डबलर लावून किंवा दोन-दोन समांतर जोडून त्यांचे बारा मोजलेले असतात. डीआरमॉस जातीचे चांगले मॉसफेट असलेले सहा फेज साध्या मॉसफेटांच्या दहा फेजना सहज मागे टाकू शकतात. हिटसिंकही नीट बघून घ्यावा. तो जाड धातूचा, खाचा पाडलेला आणि थर्मल पॅडने मॉसफेटला टेकलेला हवा. त्यावरचं चकाकतं प्लास्टिकचं आवरण उष्णता बाहेर टाकत नाही.

थंडाव्याची एक बाजू अनुभवी कारागिरांच्याही नजरेतून सुटते. प्रोसेसरबरोबर येणारा साधा गोल कूलर वरून खाली हवा मारतो, त्यामुळे आजूबाजूच्या व्हीआरएमलाही वारा लागतो. हौसेने पाण्याचा कूलर बसवला की प्रोसेसर गार होतो, पण सॉकेटभोवतीचा हा वारा थांबतो. मग प्रोसेसर ६५ अंशांवर निवांत असतो आणि शेजारचे मॉसफेट शंभरीकडे सरकतात. अशा यंत्रात कॅबिनेटच्या मागे आणि वर, व्हीआरएमच्या जवळ, हवा बाहेर ओढणारे पंखे हवेतच. समोर काच आणि हवेला वाट नाही, असं कॅबिनेट आपल्याकडच्या उन्हाळ्यात घेऊच नये.

कपॅसिटरचं आयुष्य तर थेट तापमानावर ठरतं. आताच्या बोर्डांवर बहुधा सॉलिड पॉलिमर कपॅसिटर असतात आणि त्यांपैकी अनेकांवर १०५ अंशांना ५,००० तास अशी हमी असते. तापमान २० अंशांनी उतरलं की आयुष्य दसपट होतं, हा त्यांचा ढोबळ नियम. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालणाऱ्या यंत्राला हे तास १०५ अंशांवर दोन वर्षंही पुरत नाहीत, ८५ अंशांवर मात्र तोच कपॅसिटर सोळा वर्षांचा हिशेब देतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बोर्ड दुरुस्तीला पाठवून आठवडाभर काम बंद ठेवणाऱ्याने हा हिशेब मांडून बघावा. त्यात भुदरगडचा पाऊस. हिटसिंकवर बसलेली धूळ दमट हवेत चिकटून राहते, म्हणून जूनच्या आधी ब्लोअर फिरवायलाच हवा.

वेग पडला म्हणजे दोष व्हीआरएमचाच, असंही नाही. १२४०० सारख्या प्रोसेसरला ११७ वॅटची मुभा इंटेलच्या मूळ मांडणीत २८ सेकंदांपुरतीच असते. त्यानंतर तो ६५ वॅटवर येतो आणि ते अपेक्षितच आहे. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये वेग वॅटच्या मर्यादेमुळे पडला की उष्णतेमुळे, हे दिसतं. अनेक बोर्डांवर मॉसफेटचं तापमानही दिसतं. पैसे खर्च करण्याआधी ही तपासणी व्हावी.

वीज वरखाली होते म्हणून वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची पद्धत आजही दिसते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये निभावून नेतो, त्यामुळे तेच पैसे यूपीएस आणि नीट अर्थिंगवर घालावेत. यूपीएसची गरज आणखी एका कारणासाठी आहे, बायोस अपडेटसाठी. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. कितीही मोठा पंखा लावला तरी चुकीचं व्होल्टेज सुधारत नाही, त्यासाठी बायोस अपडेट करावा लागतो. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

या स्तंभाचं म्हणणं स्पष्ट आहे. बजेट ठरलेलं असेल तर प्रोसेसर एक पायरी खाली आणावा आणि बोर्ड एक पायरी वर न्यावा. हिटसिंक नसलेल्या एच६१० बोर्डावर आय७ बसवणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. त्याच पैशांत हिटसिंक असलेला बी७६० बोर्ड आणि आय५ घेतला, तर दिवसभराच्या रेंडरमध्ये ती जोडी अधिक भरवशाची ठरते.

शाळांच्या आणि सेवा केंद्रांच्या दरपत्रकांत प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचे आकडे असतात, बोर्डापुढे पुष्कळदा नुसतं चिपसेटचं नाव. तिथे पूर्ण मॉडेल क्रमांक आणि व्हीआरएमवर हिटसिंक आहे की नाही, हे लिहून घेतलंच पाहिजे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ साली याच गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं ते ग्रामीण गरजांशी जोडलेल्या शिक्षणासाठी. इथल्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना पदविकेच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय कोणता? पाच-सहा प्रचलित बोर्ड, मे महिन्यातली दुपार, अर्ध्या तासाचा पूर्ण भार, मॉसफेटजवळ लावलेला थर्मोकपल आणि पंख्यासह व पंख्याविना अशा दोन नोंदी. तो तक्ता पुढच्या खरेदीआधी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने मागवून घ्यावा.